मत्स्यालयातील माशांची धाप

मत्स्यालयातील माशांची धाप : शोभेच्या माशांना होणारा श्वसनाचा त्रास व त्याचे निदान. धाप लागलेला मासा पृष्ठभागाशी तोंड लावून राहतो, कल्ल्यांवरची झाकणे भरभर हलवतो किंवा एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा सच्छिद्र खडा) जिथे आहे, तिथल्या बुडबुड्यांपासून हलत नाही. धाप हे लक्षण आहे, आजार नव्हे. दोष माशात असण्यापेक्षा पाण्यात असण्याचा संभव अधिक, म्हणून औषधाच्या बाटलीला हात घालण्याआधी पाणी तपासावे. फायटर व गुरामी या जातींच्या माशांना हवा घेण्याचे वेगळे इंद्रिय असते. ते अधूनमधून वर येऊन हवा घेतात, ती धाप नव्हे.

पाण्यात मुळातच ऑक्सिजन थोडा असतो. समुद्रसपाटीला २०° सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३०° ला जेमतेम ७.५. सातारा सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे; तेथे हवेचा दाब कमी असल्याने हा आकडा आणखी सुमारे ८ टक्क्यांनी घटतो. सांगलीची उंची त्याहून कमी, पण उन्हाळा कडक. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखालची टाकी सहज ३० अंशांच्या वर जाते. पाणी तापले की ऑक्सिजन कमी होतो आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते. गोल्डफिशसारख्या जास्त घाण करणाऱ्या माशांची गर्दी असेल तर हा ताण आधी दिसतो.

निदानात सर्वांत उपयोगी प्रश्न दोन : त्रास किती माशांना आहे, आणि केव्हापासून? सगळे मासे एकदम वर आले असतील तर पाण्यावर संशय घ्यावा. एकट्याला त्रास असेल तर रोग, परजीवी किंवा इजा. पहाटे धाप आणि दुपारी बरे, असे भरपूर वनस्पती असलेल्या टाकीत दिसते, कारण रात्री वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात. पाणी बदलल्यावर तासाभरात धाप लागली तर क्लोरीन किंवा तापमानातील फरक. टाकी लावून दोन-तीन आठवडेच झाले असतील तर माशांच्या घाणीतून होणारी अमोनिया व नायट्राइट ही विषारी द्रव्ये, कारण ती निकामी करणारे जिवाणू फिल्टरमध्ये अजून पुरेसे वाढलेले नसतात.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळतो. पाणी पसरट भांड्यात दिवसभर उघडे ठेवावे किंवा दुकानात मिळणारे अँटीक्लोरीन घालावे. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो म्हणून ते निर्धास्तपणे वापरले जाते, पण जमिनीतून नुकत्याच आलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. ते रात्रभर एअर पंप लावूनच वापरावे. पाणी अल्कधर्मी, म्हणजे सामू (पीएच) ७ च्या वर असेल तर अमोनियाचा धोका वाढतो : २५° ला सामू ७ असताना अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, सामू ८ ला सुमारे ५ टक्के. म्हणून अमोनियाच्या चाचणीबरोबर सामूही मोजलाच पाहिजे.

वीज गेल्यावरची धाप वेगळीच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत अनेक भागांत वीज दिवसेंदिवस नव्हती. फिल्टर बंद पडला की त्यातले उपयोगी जिवाणू ऑक्सिजनअभावी काही तासांत मरू लागतात, आणि वीज आल्यावर तेच कुजके पाणी टाकीत परत येते. फिल्टर सुरू करण्यापूर्वी तो टाकीतून बाहेर काढलेल्या पाण्यात खळबळून घ्यावा. घरात बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवावा. एका बाबीकडे फार दुर्लक्ष होते : एअर पंप खोलीतली हवा पाण्यात ढकलतो. डासांच्या कॉइलचा किंवा फवारणीचा धूर असेल तर त्यातली पायरेथ्रॉइड माशांना अत्यंत विषारी ठरतात. धुरळणी चालू असताना पंप बंद ठेवून टाकी झाकावी, पण धूर गेल्यावर तो लगेच सुरू करावा.

पाणी निर्दोष निघाले तर रोग शोधावा. पांढरे ठिपके येणारा रोग कल्ल्यांत शिरला की अंगावर एकही ठिपका न दिसता धाप लागू शकते. अंधारात टॉर्च तिरकी धरल्यावर अंगावर सोनेरी भुकटी दिसली तर वेल्वेट हा परजीवी रोग. एक कल्ला मिटलेला आणि मासा दगडांवर अंग घासतो, तर कल्ल्यावरील कृमी असू शकतात. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. मासा मेला तर लगेच कल्ल्याचे झाकण उचलून पाहावे, कारण थोड्या वेळाने रंग फिका पडतो. निरोगी कल्ले लालभडक असतात. तपकिरी कल्ले नायट्राइटकडे, पांढुरके-पिवळे चट्टे कॉलमनॅरिस या जिवाणूकडे बोट दाखवतात. नायट्राइट सापडले तर लिटरमागे १ ग्रॅम खडे मीठ विरघळवून टाकल्याने त्याचे शोषण कमी होते. पाणी बदलणे तरीही चुकत नाही.

औषध देताना धाप विसरू नये. फॉर्मालिन पाण्यातला ऑक्सिजन खाते आणि ठिपक्यांवर उपाय म्हणून पाणी तापवले तरी ऑक्सिजन घटतो, त्यामुळे दोन्ही वेळी हवा वाढवावी लागते. मिथिलीन ब्लू फिल्टरच्या जिवाणूंना मारक ठरू शकते, म्हणून ते मुख्य टाकीत न टाकता आजारी माशाला वेगळ्या भांड्यात ठेवून द्यावे. मासा निरोगी असतानाच कल्ल्यांच्या झाकणांची उघडमीट १५ सेकंद मोजून चारने गुणावी आणि तो आकडा टाकीवर चिकटवावा. जातीजातीत हा वेग फार वेगळा असतो, त्यामुळे तुलनेला स्वतःच्या माशाचाच आकडा हवा.