गुलाबाची घाई

ऐन हिवाळ्यात युरोपात विकला जाणारा लाल गुलाब अनेकदा केनियातल्या नैवाशा सरोवराच्या काठावर फुललेला असतो. सुमारे 1,900 मीटर उंची, विषुववृत्ताचं सान्निध्य, लख्ख ऊन, थंड रात्री आणि वर्षभर साधारण बारा तासांचा दिवस. गुलाबाला याहून अधिक काय हवं? अडचण सुरू होते ती फूल खुडल्यानंतर.

खुडलेलं फूल जिवंतच असतं. मुळांपासून तुटल्यावरही त्याचं श्वसन चालू राहतं आणि साठवलेली साखर खर्च होत जाते. तापमान 10 अंशांनी वाढलं की हा वेग दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून फुलं तातडीने थंड करून, गारठा न मोडता विमानतळावर पोहोचवावी लागतात. तिथून ॲमस्टरडॅम सुमारे 6,700 किलोमीटर.

एक टन माल एक किलोमीटर नेताना विमान ढोबळमानाने अर्धा किलो किंवा त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं. मोठं कंटेनर जहाज 10-20 ग्रॅम. म्हणजे या एका उड्डाणात फुलांच्या वजनाच्या तिपटीहून अधिक वायू हवेत जातो. शिवाय उंचावर विमानामागे उमटणारे बाष्पाचे पट्टे आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांनीही तापमान वाढतं. ‘प्रवासी विमान तर उडणारच होतं, पोटात फुलं ठेवली तर काय बिघडलं?’ असं म्हणतात. मला हे पटत नाही. मालाचं भाडंही त्या उड्डाणाचा खर्च भागवतं, आणि 14 फेब्रुवारीच्या आधी कोलंबियाहून मायामीला फुलांसाठी खास मालवाहू विमानं सुटतात.

मग गुलाब जवळच पिकवावा? इथे हिशेब उलटतो. 2007 मध्ये इंग्लंडच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाने ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या 12,000 गुलाबांचा हिशेब मांडला. केनियातून विमानाने आलेल्यांचं उत्सर्जन सुमारे 6 टन निघालं, नेदरलँड्समध्ये वाढवलेल्यांचं 35 टन! केनियाच्या आकड्यात विमानाचा वाटा सर्वात मोठा होता, तरीही. कारण डच हरितगृहाला ऊब आणि उजेड विकत घ्यावा लागतो, नैसर्गिक वायू आणि विजेच्या रूपात. नैवाशाजवळ मात्र ओल्कारियाला जमिनीतल्या उष्णतेवर वीज तयार होते. आकडे त्या काळातल्या शेतांचे आहेत, हरितगृहं बदलत आहेत. पण केवळ अंतर मोजून फुलाचा न्याय करता येत नाही, हे त्यातून स्पष्ट होतं. खरा खर्च हंगाम नसताना फूल हवं असण्याचा आहे. उघड्या शेतात, आपल्या हंगामात उमललेल्या फुलाला ना भट्टी लागते ना विमान.

केनियाच्या बाजूनेही सगळं आलबेल नाही. नैवाशाच्या एका गुलाबामागे 7 ते 13 लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे. हे सरोवर 1995 पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. शेतांतून वाहून येणारी खतं आणि काठावरच्या वस्त्यांचं सांडपाणी त्याला सोसावं लागतं. दुसरीकडे हजारो कुटुंबांची चूल याच फुलांवर पेटते, त्यामुळे ‘केनियाची फुलं घेऊच नका’ असं मी म्हणणार नाही.

त्यापेक्षा जहाजाचा पर्याय मला आशादायक वाटतो. शून्य अंशाच्या जरा वर तापमान राखलेल्या कंटेनरमध्ये, ऑक्सिजन कमी ठेवून, फुलांचं श्वसन इतकं मंदावता येतं की ती काही आठवड्यांचा प्रवास सोसतात. कार्नेशनची फुलं यात तरबेज. गुलाबाचे निवडक वाणही टिकतात. मात्र बुरशीचा एखादा डाग पूर्ण पेटी नासवू शकतो, आणि 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला, तेव्हा मोंबासाहून युरोपला पोहोचायला लागणारे दिवस आणखी वाढले.