ओल वरून नाही, खालून येते

भर मे महिना. पावसाचा पत्ता नाही, आणि ओळखीच्या एका घरात बैठकीच्या भिंतीचे पोपडे गळत होते. जमिनीपासून मांडीपर्यंत काळपट पट्टा, त्याच्या वरच्या काठाला पिठासारखा पांढरा लोणा. कौलं चाळून झाली, नळ तपासून झाले, शेवटी वास्तुशांतही झाली. भिंत ओलीच! दोष वास्तूचा नव्हता, दिशेचाही नव्हता. जोत्यावर ओल अडवणारा थरच घातलेला नव्हता.

परातीत बोटभर पाणी घेऊन त्यात कोरडी वीट उभी करा. थोड्या वेळात ओलीची रेघ वर सरकू लागते. हे केशाकर्षण. विटेतल्या बारीक छिद्रांच्या कडांना पाणी चिकटतं, वर सरकतं आणि पृष्ठताणामुळे मधल्या पाण्यालाही ओढून नेतं. ही ओढ छिद्राच्या परिघावर अवलंबून असते, तर उचलायच्या पाण्याचं वजन त्याच्या क्षेत्रफळावर. म्हणून छिद्र जितकं अरुंद, तितकं पाणी उंच. जेम्स जुरिन यांनी १७१८ मध्ये हा नियम मांडला. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढतं, ०.०१ मिलिमीटरच्या नळीत हिशेबाने ३ मीटर!

मग भिंत छतापर्यंत का भिजत नाही? कारण चढणारं पाणी वाटेत वाळतही असतं. जिथे चढणं आणि वाळणं बरोबरीला येतं, तिथे पट्टा थांबतो. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि गिलावा आतून फोडतात.

आता भिंतीला ऑइलपेंट फासला किंवा टाइल्स लावल्या, तर वाळण्याची वाट बंद होते आणि ओल आणखी वर चढते. ‘ओल कायमची बंद’ म्हणणारे रंग विकत घेण्याआधी एवढं ध्यानात घ्या.

नवीन घर बांधताना जोत्याच्या उंचीवर डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा थर, सलग घालून घ्या, कोपऱ्यातही खंड नको. नंतर अंगणात भर टाकताना किंवा फरशी बसवताना माती त्या थराच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर ओल थराला वळसा घालून भिंतीत शिरते. जुन्या घरात आधी भिंतीलगतची माती उतरवा, पागोळ्यांचं पाणी दूर काढा. मग लोणा लागलेला गिलावा पूर्ण खरवडून काढा, कारण त्यातले क्षार पावसाळ्यात हवेतली वाफ शोषून पुन्हा पाझरतात. भिंत वाळू द्या, आणि नवा गिलावा चुन्याचा करा.