इंका ट्रेल (माचू पिक्चूची पायवाट)

पेरूच्या कुस्को भागात, अँडीज पर्वतातून माचू पिक्चू या इंकाकालीन (इंका म्हणजे स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणारे लोक) नगरापर्यंत जाणारी जुनी दगडी पायवाट. आज जिला 'क्लासिक' म्हणतात ती साधारण ४२-४३ किलोमीटरची, चार दिवस आणि तीन रात्रींची. कुस्कोकडून माचू पिक्चूकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनच्या ८२ व्या किलोमीटरपाशी उरुबांबा नदीवरचा पूल ओलांडला की ती सुरू होते. १०४ व्या किलोमीटरपासून एक छोटी वाटही आहे, पण तिच्यात उंच खिंडी लागत नाहीत.

ही वाट म्हणजे इंकांच्या 'कापाक न्यान' या रस्त्यांच्या प्रचंड जाळ्याचा एक लहानसा तुकडा. हे जाळं अंदाजे ३०,००० किलोमीटरचं धरतात, आजच्या सहा देशांत पसरलेलं, आणि २०१४ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं (माचू पिक्चू १९८३ मध्येच आलं होतं). इंकांकडे चाक नव्हतं, घोडे नव्हते, सगळी ये-जा माणसाच्या पायांवर आणि लामा या ओझं वाहणाऱ्या जनावरांच्या पाठीवर, त्यामुळे चढ आला की त्यांनी सरळ पायऱ्या घातल्या.

माचू पिक्चू काय होतं आणि कधी बांधलं याबद्दल मात्र मतं बदलत गेली. १९११ च्या २४ जुलैला हायरम बिंगहॅम हा अमेरिकन संशोधक मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याच्या मदतीने माचू पिक्चूला पोचला, आणि हेच इंकांचं शेवटचं आश्रयस्थान विल्काबांबा असं त्याने मांडलं. ते मत आता मागे पडलंय, विल्काबांबा म्हणजे खाली जंगलातलं एस्पिरितू पांपा हे बहुतेकांना पटलेलं आहे. पुढे जॉन रो या पुरातत्त्वज्ञाने १५६८ च्या एका स्पॅनिश कागदाच्या आधारे हे नगर पाचाकुती या इंका राजाची खाजगी जहागीर होती असं दाखवलं. पाचाकुती गादीवर आला १४३८ मध्ये असं जुन्या बखरींवरून धरलं जायचं, म्हणून बांधकाम १४५० च्या आसपासचं, असं सगळीकडे छापलं गेलं. पण २०२१ मध्ये पुरातत्त्वज्ञ रिचर्ड बर्गर आणि सहकाऱ्यांनी तिथे पुरलेल्या २६ जणांच्या हाडादातांचं रेडिओकार्बन डेटिंग (त्यातल्या कार्बनवरून वय काढणं) केलं तर वस्ती १४२० च्या सुमारास सुरू झालेली दिसते, म्हणजे एकतर बखरीतलं साल चुकीचं किंवा पाचाकुतीने हा भाग आधीच जिंकलेला. बखरी स्पेनच्या विजयानंतर ऐकीव माहितीवर लिहिल्या गेल्या हे लक्षात घेता हाडांचा पुरावा जास्त वजनाचा वाटतो. पायवाट साधारण त्याच सुमाराची धरतात. २०२१ मध्येच 'माचू पिक्चू' या नावावरही प्रश्न आला: जुने नकाशे आणि कागद बघून दोन अभ्यासकांनी असं मांडलं की इंका लोक या नगराला बहुधा 'वायना पिक्चू' किंवा नुसतं 'पिक्चू' म्हणत असावेत.

नदीकाठाने सोपी वाट काढता आली असती, मग एवढ्या उंचावरून का? काही अभ्यासक म्हणतात ही यात्रेची वाट होती, शिखरांची दर्शनं घेत नगरात शिरायचं. वाटेवरची ठिकाणं ज्या जागा धरून बसलीत ते बघता हे पटतं, पण लेखी पुरावा नसल्याने तर्कच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्का ही सर्वात उंच खिंड लागते, सुमारे ४,२१५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त. केचुआ या इंकांच्या भाषेत नावाचा अर्थ 'मेलेली बाई', डोंगराची रेघ आडव्या झालेल्या बाईसारखी दिसते म्हणून. पुढे रुन्कुराकायचं गोल बांधकाम (बहुधा निरोप्यांचा मुक्काम), मग सायाक्मार्का, जिथे तीन बाजूंना कडा आणि वर जायला एकच अरुंद दगडी जिना. तिथून फुयुपातामार्काकडे जाताना एक छोटा बोगदा लागतो, खडकातल्या मूळच्या भेगेचाच फायदा घेऊन केलेला, आत पायऱ्यासुद्धा त्याच कातळात कोरलेल्या. या टप्प्यात बरीचशी फरसबंदी मूळची आहे. विन्याय वायना (हे एका ऑर्किडचंही नाव) इथे उतरत्या शेतपायऱ्यांच्या कडेने एकाखाली एक दगडी कुंडं आहेत. शेवटी इन्ती पुंकू, सूर्यद्वार, आणि खाली २,४३० मीटरवर माचू पिक्चू.

आता ही वाट एकट्याने चालता येत नाही. लायसन्स असलेली एजन्सी आणि पासपोर्टच्या नावावरचं परमिट लागतं, ते दुसऱ्याला देता येत नाही. दिवसाला ५०० माणसांची मर्यादा आहे पण त्यात गाइड आणि हमाल धरलेले, त्यामुळे ट्रेकर फार तर दोनशेच. फेब्रुवारीत पावसामुळे आणि डागडुजीसाठी वाट बंद असते. कुस्को स्वतःच ३,४०० मीटरवर आहे, तिथे दोन-तीन दिवस राहून मगच निघावं, विरळ हवेचा त्रास चांगल्या तयारीच्या माणसालाही होतो.

तंबू, गॅस, भांडी सगळं वाहून नेतात ते हमाल, बहुतेक आसपासच्या गावांतले केचुआ बोलणारे शेतकरी. पूर्वी त्यांच्या पाठीवर वाट्टेल तेवढं लादलं जायचं, २००१ च्या कायद्याने २० किलोची मर्यादा घातली आणि आता वाटेवरच्या चौकीवर ओझ्याचं वजन होतं. ट्रेकरच्या आधी कॅम्पवर पोचून ते तंबू लावून ठेवतात. शेवटच्या पहाटे मात्र ट्रेकर सूर्यद्वाराकडे निघतात आणि हमाल सामान आवरून दुसऱ्या वाटेने खाली रेल्वेकडे, पहाटेची गाडी गाठायला.