नेटबंदी

नेटबंदी : सरकारी आदेशाने एखाद्या भागातली इंटरनेट सेवा काही तास किंवा काही दिवस थांबवणे. टॉवर बिघडला, केबल तुटली किंवा रिचार्ज संपला तर नेट जाते, पण ती नेटबंदी नव्हे. नेटबंदीत आदेश सरकारचा असतो आणि खटका दाबतात मोबाईल कंपन्या. ‘ॲक्सेस नाऊ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मोजणीनुसार २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षे जगात सर्वाधिक नेटबंद्या भारतात झाल्या. हा विषय काश्मीर-मणिपूरचा, आपला नव्हे, असा कोल्हापूरकरांचा समज होता. जून २०२३ मध्ये तो मोडला.

त्या वर्षी ६ जूनला, शिवराज्याभिषेक दिनी, काही तरुणांनी औरंगजेब व टिपू सुलतान यांच्या संदर्भातले आक्षेपार्ह स्टेटस ठेवल्यावरून शहरात तणाव झाला. दुसऱ्या दिवशी हिंदुत्ववादी संघटनांनी बंद पुकारला, शिवाजी चौकात मोठा जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या. त्याच दिवशी नेट बंद करण्यात आले. काही मोजक्या मोबाईलवरच्या स्टेटसपायी सगळ्यांचेच नेट गेले, त्यात ज्यांनी ते स्टेटस पाहिलेही नव्हते तेही आले.

तेव्हा अशा आदेशांना आधार होता १८८५ च्या तार कायद्याचा आणि त्याखाली २०१७ मध्ये केलेल्या नियमांचा. एरवी हा अधिकार राज्याच्या गृह सचिवांचा. अगदीच निकड असेल तर सहसचिव दर्जाच्या अधिकृत अधिकाऱ्याला आदेश देता येतो, मात्र तो २४ तासांत वरिष्ठांकडून कायम करून घ्यावा लागतो. जानेवारी २०२० मध्ये, काश्मीरमधल्या नेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की असे आदेश जाहीर केले पाहिजेत, बंदी बेमुदत असता कामा नये आणि ती धोक्याच्या प्रमाणातच हवी. त्यानंतर एका आदेशाला १५ दिवसांची कमाल मर्यादा आली. नोव्हेंबर २०२४ पासून २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे नवे नियम लागू आहेत. नियम कागदावर बरे आहेत. पण देशात अशा बंद्या किती झाल्या याची केंद्रीय नोंदच ठेवली जात नाही, हे संसदेच्या स्थायी समितीने २०२१ मध्ये नोंदवले होते, आणि नोंदच नसेल तर प्रमाण कशाशी ताडून पाहायचे?

अफवा थांबवणे हे बंदीचे नेहमीचे कारण. ते खोटे नाही. तालमीच्या आणि तरुण मंडळाच्या ग्रुपवरून फॉरवर्ड किती झपाट्याने फिरतो हे पेठेत राहणाऱ्याला सांगायला नको. पण पोलिसांचा खुलासाही त्याच वाटेने यायचा असतो, आणि ती वाट बुजल्यावर तोंडोतोंडी पसरणारी अफवा तेवढी मोकळी राहते. पावसाळ्यात तर कोल्हापूरकर नेटवरच नदी मोजतो : पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात मदत मागण्याचे व पोचवण्याचे मोठे काम मोबाईलवरून झाले. अशा वेळी नेट ही चैन उरत नाही.

बंदीची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. आदेश बहुधा मोबाईल डेटापुरता असतो. घरात तारेचा ब्रॉडबँड असलेल्याचे काम फारसे अडत नाही. अडतो तो ज्याचे सगळे नेट एका मोबाईलवर आहे : क्यूआर कोडवर पैसे घेणारी भाजीवाली, पार्सल पोचवणारा पोरगा, जूनमध्ये प्रवेशाचा अर्ज भरणारी कॉलेजातली मुलगी. कारवाईचा रोख हातावर पोट असणाऱ्यांवर नसला तरी ओझे मात्र त्यांच्याच डोक्यावर येते.

जिल्ह्याच्या काही भागांत तर आदेशाविनाच नेटबंदी असते. शिरोळ-हातकणंगले-इचलकरंजीच्या सपाटीवर रेंजची फारशी वानवा नाही. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगडाच्या डोंगरातल्या धनगरवाड्यांवर ती मिळेलच याचा भरवसा नसतो. दुसरी दरी घरातच असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे आढळले, स्त्रियांत हे प्रमाण ३३ टक्के होते. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले, तेव्हा गावात शाळा नसणे ही पालकांची नव्हे, दरबाराची अडचण ठरली. रेंजबाबत तसा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही.

बोलण्याच्या बाजूलाही कायदा डोकावतो. नेटवर आक्षेपार्ह मजकूर टाकणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्यामागच्या खटल्याची सुरुवात पालघरमधल्या दोन तरुणींच्या फेसबुक पोस्टवरून झालेल्या अटकेनंतर झाली होती. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला ग्रुपचा ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. तरीही तणावाच्या दिवसांत ‘ओन्ली ॲडमिन’ करून टाकलेले, म्हणजे फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असे, ग्रुप इथे कमी नसतात.

याच मोबाईलचा उलटा वापर जुलै-ऑगस्ट २०२५ मध्ये दिसला. शिरोळ तालुक्यातल्या नांदणी जैन मठाची हत्तीण महादेवी, म्हणजे लोकांची माधुरी, न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी केंद्रात नेली गेली. त्यावर जिल्हा पेटला. दोन लाखांवर सह्या, नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पदयात्रा, आणि सोबत वनताराशी नाते असलेल्या उद्योगसमूहाच्या जिओवर बहिष्कार. घोषणा देऊन थांबायचे नाही, नंबर पोर्ट करून मोकळे व्हायचे, ही त्यातली कल्पना. पुढे वनताराने नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव मांडला. ग्राहक म्हणून निषेध नोंदवण्याची ही तऱ्हा नेटवरच्या सहीपेक्षा धारदार ठरली, कारण ती ताळेबंदात दिसते.

पण पोर्ट करायला १९०० वर संदेश पाठवून मिळालेला कोड नव्या कंपनीकडे न्यावा लागतो, आणि तिथे ओळखपत्र लागते ते सिम ज्याच्या नावावर आहे त्याचे. ज्या बाईचे सिम नवऱ्याच्या नावावर, तिला या बहिष्कारात उतरायला आधी त्याला दुकानापर्यंत आणावे लागले असणार.