कुलर जास्त गेले, तरी धंदा खाली?

नागपुरात ऊन तापायला लागलं की बर्डी, इतवारीत दुकानांसमोर कुलरच कुलर दिसतात. समजा एका दुकानातून मार्चमध्ये 150 कुलर गेले आणि एप्रिलमध्ये 225. वाटतं काय, धंदा दीडपट झाला! पण एप्रिलमध्ये कुलर जास्त जाणारच, त्यात नवीन काय? मागच्या पाच-सहा वर्षांच्या वह्या काढल्या आणि दिसलं की मार्चमध्ये सरासरी महिन्याच्या 1.5 पट माल जातो आणि एप्रिलमध्ये 2.5 पट, तर 150 ला 1.5 ने भागा, 100 आले, आणि 225 ला 2.5 ने भागा, 90 आले. म्हणजे उन्हाचा वाटा काढला की धंदा 10 टक्के पडलाय. यालाच सीझनल अॅडजस्टमेंट म्हणतात.

हा 2.5 काढायचा कसा? सलग 12 महिन्यांची सरासरी घ्यायची आणि एकेक महिना पुढे सरकत जायचं, 12 महिन्यांत उन्हाळा पावसाळा हिवाळा सगळे एकदाच येतात त्यामुळे या सरासरीत ऋतू उरतच नाही, मग एप्रिलच्या विक्रीला या सरासरीने भागायचं, असं प्रत्येक वर्षाच्या एप्रिलचं केलं आणि त्या सगळ्यांची सरासरी घेतली की झाला एप्रिलचा फॅक्टर. अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोची 1965 ची एक्स-11 पद्धत याच पायावर उभी आहे, आताचं एक्स-13 तिचंच पुढचं रूप.

आपल्याकडे बातम्यांमध्ये मात्र "मागच्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा" इतकीच तुलना असते, आणि मला हे खरंच खटकतं, कारण आपले सण तिथीने येतात. दीक्षाभूमीवर लाखो लोक जमतात तो दसरा 2023 ला 24 ऑक्टोबरला होता आणि 2025 ला 2 ऑक्टोबरलाच, म्हणजे 2025 ची दसऱ्याची खरेदी बहुतेक सप्टेंबरातच उरकली. लक्ष्मीपूजन 2023 ला 12 नोव्हेंबरला होतं, 2025 ला 20-21 ऑक्टोबरला. अशा वेळी ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशी केली तर गाड्यांची विक्री एका वर्षी उसळलेली दिसते आणि एका वर्षी आपटलेली, आणि गिऱ्हाईक बिचारं तेवढंच असतं! एक्स-13 मध्ये ईस्टर आणि थँक्सगिव्हिंगची सोय आधीपासूनच आहे, दिवाळीची तारीख मात्र आपल्यालाच भरून द्यावी लागते, सणाआधी किती दिवस खरेदी चालते तेही सांगावं लागतं. रिझर्व्ह बँक आपल्या बुलेटिनमध्ये भारतातल्या आकड्यांचे सीझनल फॅक्टर छापते, ते कमी लोक बघतात याचं वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी पंचाईत 2020 ने केली. एप्रिल म्हणजे कुलरचा ऐन सीझन आणि लॉकडाऊनमुळे दुकानं बंद, तो आकडा तसाच हिशोबात घेतला तर एप्रिलचा फॅक्टर खाली येतो आणि पुढच्या वर्षांचे साधे एप्रिलसुद्धा उगाच तेजीचे दिसायला लागतात, म्हणून जगभरच्या सांख्यिकी संस्थांनी ते महिने अपवाद म्हणून वेगळे काढले आणि मगच फॅक्टर काढले.