सेक्स आणि रिलेशनशिप कोचिंग: हे आलं कुठून, आणि तिथं होतं काय

हल्ली बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरापोरींच्या मोबाईलवर सेक्स कोच, रिलेशनशिप कोच (म्हणजे शरीरसंबंध आणि नात्यातल्या अडचणींवर बोलून वाट सुचवणारे) असल्या जाहिराती यायलेत. लग्न ठरलेली मुलं विचारतात तिथं नक्की काय करतात, कपडे काढायला लावतात काय, घरी कळतं काय. प्रश्न अगदी रास्त आहेत, पण उत्तरासाठी थोडं मागं जायला लागतं.

1921 ला र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, सोबतीला पत्नी मालतीबाई. त्यापायी कॉलेजातली प्रोफेसरकी गेली, तरी 1927 ला ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि 1953 ला जाईपर्यंत चालवलं. घरात कुणाला विचारता येत नाही ते वाचक पत्रातून विचारायचे आणि कर्वे पाप-पुण्य मध्ये न आणता सरळ उत्तर द्यायचे. असल्या उत्तरांवरूनच 1934 ला खटला झाला, कर्व्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले, केस हरले, दंड झाला, पण मासिक काय थांबलं नाही. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यातच होता, 1956 पर्यंत आपण तिकडेच. आणि पलीकडं म्हैसूर संस्थानानं 1930 ला सरकारी संततिनियमन केंद्रं काढली. म्हणजे आज ज्याला मॉडर्न म्हणतात त्याची सुरुवात आपल्या दोन्ही बाजूंना शंभर वर्षांमागं झालेली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढं धागा तुटला. 1952 ला सरकारी कुटुंबनियोजन आलं, पण त्यात सगळं बोलणं पोरं किती आणि ऑपरेशन कधी एवढ्यावरच, नवरा-बायकोचं आपसात कसं आहे हे कुणी विचारेना. ती जागा गुप्तरोगवाल्यांनी घेतली, स्टँडजवळच्या भिंतीवर रंगवलेल्या जाहिराती कुणी बघितल्या नाहीत! वास्तविक 1954 च्या कायद्यानं लैंगिक ताकद वाढवतो अशी औषधाची जाहिरात करायला बंदी आहे, तरी भीती घालून पैसे काढणं चालूच आहे. शाळेतनं काही कळेल म्हणावं तर 2007 ला कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडं लैंगिक शिक्षणाला विरोध झाला आणि ते अडकलं.

आजच्या कोचिंगची पद्धत मात्र अमेरिकेतली. मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीनं 1970 ला पुस्तक काढून दाखवलं की अडचण एकट्या नवऱ्याची किंवा बायकोची धरायची नाही, दोघांना एकत्र बसवायचं, आणि काही दिवस संभोग बंद ठेवून नुसता स्पर्शाचा सराव करायला सांगायचा, म्हणजे जमलंच पाहिजे हे टेन्शन उतरतं. तो सराव दोघांनी आपल्या खोलीत करायचा, थेरपिस्टसमोर (म्हणजे उपचार करणाऱ्या तज्ज्ञासमोर) नाही. 1976 ला जॅक ॲनन या मानसशास्त्रज्ञांनी असल्या मदतीच्या पायऱ्या मांडल्या: आधी मोकळं बोलायला मुभा, मग थोडी माहिती, मग नेमक्या सूचना, आणि त्यानं भागलं नाही तरच खोल उपचार. बऱ्याच जणांचं काम पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच होतं, कोचचं क्षेत्र पण तेवढंच, शेवटची पायरी थेरपिस्टची.

म्हणून गेलात तर बोलणंच असणार, फोनवर, व्हिडिओवर नाहीतर समोर बसून. लग्नाला किती वर्षं झाली, भांडण कशावरनं होतं, दुखतं काय, शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत काय (कडकपणा न येण्यामागं बऱ्याचदा शुगर असते, तेव्हा आधी डॉक्टर), सासू-सासरे त्याच घरात म्हणून एकांत मिळतो काय, असलं सगळं विचारतील आणि घरी करायला काहीतरी देतील. आपल्याकडं एकांताचा प्रश्न शरीरापेक्षा मोठा निघतो बघा. अंगाला हात लावणं, कपडे काढायला सांगणं, फोटो मागणं यातलं काहीही झालं तर उठून यायचं, लाजायचं नाही.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कोच व्हायला भारतात कुठलं लायसन्स लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला (मनाच्या आजारांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ) आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, नोंदणी लागते, डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची, कोचला काहीच नाही. त्यामुळं शिक्षण काय, फी किती, आमचं बोलणं कुठं लिहून ठेवता, हे पहिल्याच फोनवर विचारा. आणि कन्नड किंवा इंग्रजीत अडखळत सांगायला लागत असेल तर मराठी बोलणारा माणूस मागा, ओळखीच्यांची धास्ती वाटली तर कोल्हापूरचा बघा, किंवा व्हिडिओवर बोला.