आलेख कागदावरील भुयार-नकाशे

जुन्या संगणकीय रोल-प्लेइंग (पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या) खेळांतील भुयारांचे नकाशे खेळाडू स्वतः पेन्सिलीने आलेख कागदावर काढत. पडद्यावर समोरची दोन-चार घरे (भुयाराचे चौकोन) तेवढी दिसत; आपण नेमके कुठे आहोत हे खेळ आपणहून सांगत नसे. निम्मा खेळ असा कागदावरच चाले. त्या खेळांची ओढ असलेल्यांना जुन्या चित्रांइतकाच खोडरबराने मळलेला तो कागदही आठवतो.

पायंडा पाडला तो 'विझर्ड्री'ने (१९८१, ॲपल टू संगणकावर). अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांच्या या खेळात १० मजले होते आणि प्रत्येक मजला २० × २० घरांचा. 'पूल ऑफ रेडियन्स'मध्ये (१९८८) हेच माप १६ × १६ होते. माप ठाऊक नसेल तर कागदाच्या मध्यापासून सुरुवात करावी. 'विझर्ड्री'त मात्र पहिला जिना नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे, म्हणून डावीकडचे खालचे घर धरावे.

भिंतीचा प्रकार आधी ओळखावा लागतो. 'विझर्ड्री'त भिंत दोन घरांमधली नुसती रेघ असते. 'डंजन मास्टर'मध्ये (१९८७) भिंतच अख्खे घर व्यापते, त्यामुळे घर काळे करावे लागते. हे उलटसुलट झाले की मोजणी पहिल्या खोलीतच बिघडते.

चुका ठरावीक जागी होतात. 'विझर्ड्री'त लाथ मारून दार ओलांडले की आपण एक घर पुढे सरकतो. ते पाऊल मोजायचे राहून जाते. मजल्याची एक कड ओलांडली की विरुद्ध कडेने आत येतो, आणि नकाशा काढणाऱ्याला मजला अकारण लांबलचक वाटतो. सर्वांत छळतात ती भोवऱ्यासारखी घरे, कारण ती तोंडाची दिशा नकळत बदलतात. टेलिपोर्टरही काही न सांगता दुसरीकडे नेतो. कागदावर दोन बोळ एकमेकांवर चढू लागले की यापैकी काहीतरी घडले आहे असे समजावे. तेव्हा सगळे खोडू नये. खात्रीच्या शेवटच्या घरावर खूण करून तिथून पुन्हा मोजावे. जादूगाराचा 'डुमापिक' मंत्र जिन्यापासूनचे अंतर आणि तोंडाची दिशा सांगतो. शंका येताच तो वापरावा, कारण चूक जितकी उशिरा कळेल तितका जास्त भाग पुन्हा काढावा लागतो.

रचनाकारांसाठी या पद्धतीत मोठी संधी होती. पूर्ण झालेल्या नकाशात मधेच कोरा राहिलेला चौकोन म्हणजे गुप्त खोलीची शंका. हा शोध खेळाडूला कागदच लावून देई. स्वयंचलित, म्हणजे खेळानेच काढलेला, नकाशा आल्यावर हे सुख बरेच ओसरले.

पुढच्या पिढीत ही पद्धत सर्वांत नेमकी समजली ती 'एट्रियन ओडिसी'ला (२००७). निन्टेन्डो डीएस या दोन पडद्यांच्या हातातल्या खेळयंत्राच्या खालच्या स्पर्शपडद्यावर भिंती आणि खुणा खेळाडू लेखणीने आखतो, आणि वरच्या पडद्यावर भुयार चालू राहते. जपानमध्ये 'विझर्ड्री'ची छाप त्याआधीच पडली होती: 'ड्रॅगन क्वेस्ट'चे (१९८६) रचनाकार युजी होरी तिचे आणि 'अल्टिमा' या दुसऱ्या रोल-प्लेइंग खेळाचे चाहते होते. फिनलंडमधील 'लेजंड ऑफ ग्रिमरॉक'मध्ये (२०१२) स्वयंचलित नकाशा बंद ठेवणारा जुन्या वळणाचा पर्याय मिळतो. त्यातही भिंती घर व्यापतात, तेव्हा मजल्यामागे ३२ × ३२ घरे बसतील असा कागद घ्यावा.